कोबीच्या वाफ्यातली चौकट

तण मोजणाऱ्या बाईंनी लोखंडी चौकट कोबीच्या वाफ्यात भिरकावली. धप्प. ती जिथे पडेल तिथं तिच्या आतलं तण मोजायचं आणि वहीत नोंदवायचं, वीस वर्षं त्या शेतकी खात्यासाठी हेच काम करत आल्या होत्या.

पण आज प्रत्येक वेळी त्यांची चौकट पडली की क्षणभराने आणखी एक धप्प ऐकू येत होतं. आधी मळ्याच्या टोकाशी, मग विहिरीपाशी, मग शेजारच्याच वाफ्यात.

भर दुपारची वेळ होती. मळ्याची मालकीण एकटीच खुरपत बसली होती, बाकी चिटपाखरू नव्हतं.

"दुसरं कोणी आलंय का हो मोजायला?"

तिने खुरपं थांबवलं नाही. "ते रोजच असतात. तुम्ही आपलं आवरा आणि निघा बाई."

"ते म्हणजे कोण?"

"दिसलं तर सांगीन ना! परवा माझ्या जावेभोवती पडली त्यांची चौकट. चांगली धडधाकट बाई, तेव्हापासून खाटेवर आहे. पाय जमिनीला टेकवला की किंचाळते."

बाईंनी घाईने चौकट उचलली, वही पिशवीत कोंबली.

धप्प.

त्यांनी तर काहीच फेकलं नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं. मातीत ताजी चौकोनी खूण उमटली होती आणि त्यांची दोन्ही पावलं तिच्या आत होती.

मालकिणीने तोंड फिरवलं.

पाय उचलेनात. मग त्यांच्या टाचांभोवतीची माती कुणीतरी बोटांनी हलकेच मोकळी करू लागलं, मूळ न तुटता तण उपटायचं असलं की करतात, तशी.