भांडकुदळ शेजार

निवृत्त बसड्रायव्हरचे पाय किडनीच्या दुखण्यानं सतत ठणकत आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी बंद केलेल्या. त्यात डायलिसिसला शेजारच्या खाटेवरची शिलाईवाली मावशी दरवेळी भांडण उकरून काढी. "म्हातारी माणसं दिसली की तुम्ही ड्रायव्हर लोक मुद्दाम बस पुढे नेऊन थांबवता!" मग तोही इरेला पेटे, मशीनवरून सुटका होईपर्यंत वाद घाली. अखेर वैतागून त्यानं खाट बदलून घेतली.

नव्या खाटेवर सगळं शांत होतं. पण पाय असे ठणकले, की तळमळून त्याला जीव नकोसा झाला.

"सिस्टर, पुढच्या वेळी मला मावशींजवळच ठेवा."

सिस्टर हसली. "त्याही तेच म्हणाल्या, 'भांडायला कुणी नसलं, की पाय फार दुखतात गं.'"