लग्न खरं होतं

"आई, लग्नाचा एक तरी फोटो शोध गं," अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर रिद्धी रडकुंडीला आली होती. नवरा तिथला नागरिक, त्याच्यामुळे तिला ग्रीन कार्ड मिळालेलं. आता घटस्फोटानंतर ते टिकवायचं, तर लग्न कार्डापुरतं नव्हतं, खरंच झालं होतं, हे तिला दाखवून द्यायचं होतं.

इकडे चामटोलीत जनीबाई ओशाळली. घटस्फोटाचं कळलं त्याच दिवशी तिने अख्खा अल्बम चुलीत घातला होता आणि "त्याचं तोंड मला दिसता कामा नये," असं घरात सगळ्यांना बजावलं होतं. रिद्धीनेही रागाच्या भरात मोबाइलमधले फोटो उडवले होते. भावकीत मागावेत, तर गावभर बोभाटा.

जनीबाई पदर खोचून उठली. मग फोन घेऊन मागच्या दाराने गोठ्यात गेली आणि कॅमेरा वर केला. गळक्या पत्र्याखाली, म्हशींच्या डोक्यावर, लग्नात नाक्यावर लावलेला बॅनर ताणून बांधला होता. हातात हात घातलेली रिद्धी, गॉगलवाला नवरा, खाली लग्नाची तारीख आणि शुभेच्छुक म्हणून भावकीतले झाडून सगळे चेहरे.

रिद्धी बघतच राहिली. "अगं, त्याचं तोंड दिसता कामा नये म्हणालेलीस ना?"

"ते घरात," जनीबाई म्हणाली. "आणि जावई टाकाऊ निघाला, बॅनर थोडाच?"