थेंबांचा माग

"लिंडसे, कुठं आहेस तू?"

ग्लेनिसने रेडिओचं बटण सोडलं आणि कान दिला. नुसती खरखर. सकाळपासून ती नवऱ्याला हेच विचारत होती आणि सकाळपासून हीच खरखर ऐकत होती.

उत्तर आलं ते डॉटचं. डॉट म्हणजे शेजारीण, म्हणजे पन्नास किलोमीटरवरची.

"हे बघ बाई, घरातून हलू नकोस. दुपारपर्यंत पोलीस विमान घेऊन येतायत."

"दुपारपर्यंत तो टिकायला नको? काल गेलाय. हृदयाच्या गोळ्या इथं खिडकीत पडल्यात."

"भांडलात काय?"

"तेलावरून."

एरवी डॉट खो खो हसली असती.

भांडण तसं चहाच्या कपात मावेल एवढं. ग्लेनिसने काल गावात जाऊन आपल्या जुन्या मोटारीत महागडं सिंथेटिक तेल घालून आणलं होतं. चार लाख किलोमीटर पळालेली मोटार. मर्व्ह मेकॅनिकने तिला सांगितलंही होतं, "तेल उत्तम आहे, जुन्या इंजिनालाही चालतं. पण हिच्या पोटात जन्माचा गाळ साचलाय. तो धुतला गेला, की त्यानं बुजवलेल्या फटी उघड्या पडतील. लक्ष ठेव." तिने मान डोलावली आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेली.

लिंडसेने तेलाचा रिकामा डबा पाहिला आणि बिनसलं. "अगं, म्हातारीची हाडं मळानंच धरून ठेवलीत. तिला आता कशाला आंघोळ घालायची?"

"तू तर बोलूच नकोस. तुझी गाडी जाईल तिथं शिंपडत जाते."

ते खरंच होतं. लिंडसेचा डिझेल ट्रक वर्षानुवर्षं गळत होता. पठ्ठ्या तेल कधी बदलायचा नाही, वरून ओतत राहायचा. त्याच्या सदऱ्यांवरचे काजळासारखे डाग घासून ग्लेनिसचे हात भरून यायचे. लिंडसेला शोधायचंय तर थेंब बघत जा, असं सगळा मुलुख म्हणायचा. बोलण्यातून बोलणं वाढलं आणि शेवटी ती म्हणाली, "जा, त्या गळक्या खटाऱ्यातच जाऊन मर."

तो गेला. आता ते शब्द तिला गिळवत नव्हते आणि थुंकवतही नव्हते.

तिने गोळ्यांची बाटली खिशात टाकली, पाण्याचे कॅन मागे चढवले आणि डॉटला न सांगता निघाली. पश्चिमेच्या टाकीवरचा पंप बिघडला होता. तो तिकडेच गेला असणार.

टाकीपाशी ट्रक नव्हता. मेंढ्या तेवढ्या सावलीला डोकी खुपसून उभ्या होत्या. इथून पुढे रस्ता असा नाहीच. क्षितिजापर्यंत लाल गोटे, आणि गोट्यांवर चाक उमटत नाही. धुळीचा पडदा असा धरला होता, की सूर्य कुठल्या अंगाला आहे तेही कळेना. घर-अंगण आणि गावचा रस्ता ग्लेनिसला पाठ होता. बाकीचं रान लिंडसेचं. तिने एका बुटक्या टेकडीला वळसा घालायचं ठरवलं. ती एक झाली, मग तसलीच दुसरी लागली. मोटारीतला रेडिओ केव्हाच मुका झाला होता.

आणि मग तिला थेंब दिसला.

गोट्यावर ओला ठिपका चमकत होता. पुढे आणखी एक. पुढे आणखी. तिला रडूच फुटलं. "आले रे, आले," ती मोठ्याने म्हणाली. खाली उतरायलाही तिला धीर नव्हता. मोटार हळू चालवत, खिडकीतून मान बाहेर काढून ती ठिपक्यांमागे जात राहिली.

तसाच बराच वेळ गेला. मग ठिपक्यांच्या दोन रांगा झाल्या. गेलाय तसा परतही आलाय म्हणायचा. ओले आहेत, म्हणजे लांब नाही. तिने वेग वाढवला.

पुन्हा तीच बुटकी टेकडी आली, की तसलीच दुसरी, देव जाणे. तिच्या पलीकडे रांगा तीन झाल्या. तो गोल गोल फिरत होता. चाळीस वर्षं हे रान तुडवलेला माणूस वाट चुकला होता. उन्हाने डोकं फिरलं असेल, नाहीतर छातीत कळ आली असेल. "थांब रे बाबा," ती म्हणाली. "एका जागी थांब. मी येते."

स्टिअरिंगसमोर लाल दिवा लागला. लागू दे. जुन्या मोटारीचे दिवे, मन मानेल तेव्हा लागतात. थेंब आता दाट होत चालले होते. दिव्याकडे बघायला कोणाला सवड होती?

चढावर इंजिन खडखडलं, एकदा किंचाळलं आणि बंद पडलं. तिने किल्ली फिरवून पाहिली. काही नाही. तेवढ्यात, इतक्या उंचावर आल्यामुळे असेल, रेडिओ बोलायला लागला.

"ग्लेनिस? अगं ए ग्लेनिस?"

तिला बटणच सापडेना.

"रेडिओ बंद करून रात्री लोकरीच्या शेडमध्ये झोपलो. राग होता, दुसरं काय. घरी येतो तर तू नाहीस." लिंडसे थांबला. त्याला धाप लागली होती. "छातीत दाटल्यासारखं होतंय. खिडकीतल्या गोळ्या कुठं ठेवल्यास?"

तिने खिशावर हात दाबून धरला.

"आणि ऐक, मोटार दामटू नकोस. अंगणापासून फाटकापर्यंत थेंब पडलेत, नव्या तेलाचे, पिवळे. माझे नाहीत, तुझे आहेत, बाई. कुठं आहेस तू?"