पोरीच्या नावाचा विमा

घटस्फोट घेताना त्याने कोर्टापुढे कबूल केलं होतं, की लेकीसाठी स्वतःचा आयुर्विमा काढेन. वर्ष उलटलं तरी विम्याचा पत्ता नव्हता. उंच इमारतींच्या काचा बाहेरून दोरावर लटकून पुसायच्या, हे त्याचं काम. फोन वाजला की तिचं शिलाई मशीन मध्येच थांबायचं. याला काही झालं, तर पोरीचं काय? शेवटी तिने त्याला पुन्हा कोर्टात खेचलं.

सुनावणीआधी व्हरांड्यात तो दिसला आणि तिचा तोल सुटला.

"पोटच्या पोरीसाठी एक विमा काढायचा, तर एवढं जिवावर आलं का रे तुझ्या?"

तो भिंतीला टेकून उभा होता. शर्ट अंगावर नुसता लोंबत होता.

"गेलो होतो गं काढायला. त्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, परत एकदा तपासलं. मग म्हणाले, विमा काही मिळणार नाही. आधी घरचं कुणीतरी सोबत घेऊन या."

तिने आता त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग? कुणाला नेलंस?"

 

"घरचं म्हणून आता कुणाला नेऊ?"