टाकीवरची शेळी

"शेळी टाकीवर का चढत नाही?" माझ्या गेमच्या पहिल्याच गिऱ्हाइकाची तक्रार नवऱ्याने मोठ्याने वाचली आणि माझं लाटणं थांबलं.

हा गेम मी कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर अर्धवट सोडला होता. त्यातली शेळी चुकून पाण्याच्या टाकीवर चढायची आणि तिथेच अडकायची. बारा वर्षांनी, नोकरी सांभाळून, पुन्हा हौसेने करायला घेतला. शेळीला वठणीवर आणायलाच दोन महिने गेले. परवा विकायला ठेवला.

"पुढे वाच."

"'मी तुमच्यानंतरच्या बॅचचा. लॅबमध्ये आम्ही शेळी टाकीवर कधी चढते याचीच वाट बघायचो. आज लेकीला दाखवायला विकत घेतला, तर शेळी शहाणी झालीय!'"

मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच लॅपटॉप उघडला. जेवायला बसण्याआधी शेळी पुन्हा टाकीवर होती.