चुन्याच्या रेघा

अंकुशने ट्रॅक्टर थेट चुन्याच्या रेघांवरून नेला. त्याच्या उतारावर पाणी अडवायचे चर कुठे खणायचे, ते कृषी सहायक मॅडमनी सकाळीच आखून दिलं होतं.

"चरांत माझी जमीन जाते," तो म्हणाला.

"आणि दर पावसाळ्यात माझी माती ओढ्याला जाते, तिचं काय?" खालच्या शेतातून त्याची भावजय चंद्रकला म्हणाली. तो नुसता हसला.

"त्यांची तयारी नसेल तर माझा इलाज नाही," मॅडम चंद्रकलाला म्हणाल्या.

चंद्रकलाने संतापून विचारलं, "मी माझ्या हद्दीत बांध घातला तर?"

"घाला. पण पाणी त्यांच्या शेतात तुंबेल."

"तुंबू दे."

उन्हाळाभर खपून तिने कमरेएवढा बांध घातला. पावसाळ्यात अंकुशचं सोयाबीन पाण्यात पिवळं पडलं, तेव्हा तो दारात आला. "वहिनी, बांध फोडा."

"आधी तुझे चर खण."

मॅडम पुन्हा आल्या. या वेळी अंकुशने स्वतः आखणीची दोरी धरली. चर झाल्यावर चंद्रकलाने बांधातून पाण्याला वाट काढून दिली.

"झालं ना मनासारखं?" त्याने विचारलं.

ती आपल्या शेताकडे वळली. माती वाहून उघडा पडलेला मुरूम समोर दिसत होता, आणि तिचा राग तसूभरही उतरला नव्हता.