पांढरा पट्टा

"अशांना आम्ही दगड म्हणतो," भालचंद्रराव हसत म्हणाले.

बायकोची भाची प्राइड मोर्चातून आणलेला बिल्ला मावशीला दाखवत होती. काळा, करडा, पांढरा, जांभळा असे पट्टे. शरीरसुखाची ओढच ज्यांना वाटत नाही, त्यांचा हा झेंडा, असं तिने नुकतंच सांगितलं होतं.

दगड हा भालचंद्ररावांचा जुना, हुकमी विनोद. "आमच्या पदरी दगड पडलाय," असं बायकोदेखत म्हणून त्यांनी मित्रांच्या टाळ्या उभा जन्म घेतल्या. ती मुकाट्याने चहा ठेवायला आत जायची.

आज गेली नाही. "म्हणजे हा आजार नव्हे?" तिने विचारलं.

"छे गं मावशी! जीव लावतात, संसारही करतात ही माणसं."

भालचंद्ररावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ही आता आत गेली तर बरं, असं त्यांना वाटलं.

"आणि हा पांढरा पट्टा कुणाचा?" बायकोने भाचीला विचारलं.

"त्यांना समजून घेणाऱ्या जोडीदाराचा."

तिने बोट आडवं ठेवून पांढरा पट्टा झाकला. "एवढा वगळला, तर माझाच आहे गं हा झेंडा."

"चहा ठेवतो," असं पुटपुटत भालचंद्रराव आत गेले.